एकच रात्र मोकळी असेल तर ‘ब्लेड रनर’चा कोणता भाग?

‘ब्लेड रनर’ हा विज्ञानपट अजून पाहिला नाही, शनिवारची एकच रात्र मोकळी आहे, तर १९८२चा पाहू की २०१७चा ‘ब्लेड रनर २०४९’? असं कुणी विचारलं की पूर्वी माझं उत्तर ठरलेलं असायचं. आधी पहिला, मग दुसरा. आता एकच रात्र असेल तर मी दुसऱ्याचं नाव घेतो. पहिल्यावर माझा फार जीव आहे, त्यामुळे इथवर यायला मला बरीच वर्षं लागली.

रेप्लिकंट म्हणजे हुबेहूब माणसासारखे दिसणारे, घडवलेले कृत्रिम जीव, आणि ब्लेड रनर म्हणजे त्यांना शोधून मारणारे पोलीस. याहून जास्त त्यात शिरत नाही.

पहिल्या भागाचं देणं मोठं आहे. आग ओकणारी धुराडी, न थांबणारा पाऊस, इमारतीएवढी जाहिरात आणि खाली छत्र्यांची दाटी. दिग्दर्शक रिडली स्कॉटने उभं केलेलं हे लॉस एंजेलिस इतकं अस्सल आहे, की नंतरच्या कितीतरी सिनेमांतली शहरं त्याचीच धाकटी भावंडं वाटतात. त्यात व्हँजेलिसचं संगीत, आणि रटगर हाउअरने रंगवलेला रेप्लिकंट रॉय बॅटी. अवघ्या चार वर्षांचं आयुष्य मिळालेला हा जीव, आपल्याला मारायला आलेल्या डेकर्ड या पोलिसालाच छपराच्या कडेवरून वर ओढून घेतो आणि मग पावसात बसल्या बसल्या मिटून जातो. त्या काही मिनिटांच्या तोडीचं दुसऱ्या भागात काही नाही, हे मनापासून कबूल.

पाहायचा ठरला तर २००७ची ‘फायनल कट’ ही प्रतच घ्या. १९८२मध्ये अमेरिकेत चित्रगृहांत लागलेल्या प्रतीत डेकर्ड झालेल्या हॅरिसन फोर्डचं निवेदन आहे आणि शेवटी एक गोड प्रवास जोडलेला आहे. त्याने सगळा परिणाम पातळ होतो.

पण एक दृश्य कुठल्याही प्रतीत तसंच राहतं, आणि माझं पारडं फिरलं ते त्याच दृश्यामुळे. रेचल या तरुणीला नुकतंच कळलंय की आपण माणूस नाही, आपल्या बालपणीच्या आठवणीसुद्धा दुसऱ्या कुणाच्या तरी आहेत. तिने नुकताच डेकर्डचा जीव वाचवलाय. ती त्याच्या घरी पियानोवर बसते, बांधलेले केस मोकळे सोडते. तो जवळ येतो, तशी ती उठून दाराकडे धावते. तो मुठीने दार आपटून बंद करतो, तिला खिडकीच्या पट्ट्यांवर ढकलतो, आणि माझं चुंबन घे असं तिच्याच तोंडून वदवून घेतो. खोलीभर पट्ट्यांची सावली पडलेली असते, आणि वर सॅक्सोफोन वाजू लागतो. मला खटकतो तो हा सॅक्सोफोन. जे घडतंय ते प्रेमच आहे, असं सिनेमा मला सांगत असतो. कॉलेजात असताना मला त्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं. पुढे ताईबरोबर पाहिला, तेव्हा तिने फक्त एवढंच विचारलं, “तिला जायचं होतं ना रे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर ज्यांना ज्यांना दाखवला, त्यांच्यासोबत बसून ती तीन-चार मिनिटं मला अवघड गेली आहेत.

दिग्दर्शक दनी व्हिलनव्हचा दुसरा भाग नेमका याच प्रश्नापाशी येऊन थांबतो. इथला नायक के स्वतः रेप्लिकंट आहे आणि त्याला ते पहिल्यापासून माहीत आहे. त्याच्या घरी जॉय आहे, बाजारात विकत मिळणारी, प्रकाशाची बनलेली सोबतीण. तो तिच्यासाठी एक छोटं यंत्र आणतो, आणि ती पहिल्यांदाच घराबाहेर, गच्चीवर येते. ती हात पुढे करते. पाऊस तिच्या आरपार जातोय आणि तरी हळूहळू तिच्या कातडीवर थेंब दिसू लागतात. ती त्याच्या अगदी जवळ येते, आणि तेवढ्यात त्याच्या साहेबिणीचा निरोप येतो. जॉय आहे तशीच, अर्ध्यात गोठते. तो तिच्या थिजलेल्या चेहऱ्यासमोर उभा राहतो. हे प्रेम खरं की विकत घेतलेलं, हे कुणी सांगत नाही, आणि न सांगण्यातच माझा जीव गुंततो.

पुढे उद्योगपती वॉलेस म्हाताऱ्या डेकर्डला समोर बसवून सुचवतो, की रेचलशी तुझी गाठ पडणं, तू तिच्या प्रेमात पडणं हे सगळं आधीच आखलेलं असेल. फोर्डच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटतं, त्यासाठी ३५ वर्षं थांबणं मला सार्थ वाटलं. जे पहिल्या भागाने गृहीत धरलं, त्यावर इथे शंका घेतली जाते.

रॉजर डीकिन्सच्या छायाचित्रणाबद्दल लिहायला बसलो तर हा लेख संपायचा नाही. १३ नामांकनांनंतरचं पहिलं ऑस्कर त्यांना याच सिनेमाने मिळवून दिलं. लास वेगासची ती नारिंगी धूळ मोठ्या पडद्यावर पाहिली, तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो.

उणिवा आहेतच. १६३ मिनिटं म्हणजे जेवण लवकर उरकून बसायला हवं. वॉलेसची भाषणं लांबतात. बायकांच्या शरीरावरची क्रूरता इथेही आहे आणि काही जागी ती मलाही जड गेली. ज्यांना भराभर पुढे सरकणारी गोष्ट हवी असते, त्यांना कदाचित ११७ मिनिटांचा पहिलाच बरा वाटेल. तरी इथे क्रौर्य क्रौर्यासारखंच दिसतं, त्यावर कुणी गोड सूर चढवत नाही.

पहिला न पाहता दुसरा कळेल का? माझ्या मते कळतो. डेकर्ड आणि रेचल एकत्र पळून गेले, आणि ती रेप्लिकंट होती, एवढं माहीत असलं की पुरे. अर्ध्यावर एक लाकडी घोडा येतो, तिथून पुढचं सांगत नाही.

ताईला मी हा दुसरा भाग गेल्या दिवाळीत दाखवला. गच्चीवरचं ते दृश्य आलं तेव्हा तिने माझ्या हातातला रिमोट घेतला, मागे नेऊन पुन्हा लावलं आणि कुणाशी न बोलता पाहिलं.