नोटाचं बटण: निष्ठावंताच्या कितपत कामाचं?

पक्ष आपला, चिन्ह आपलं, पण उमेदवार दोन समाजांत काडी टाकून सभा गाजवणारा. हात चिन्हाकडे जात नाही आणि समोरच्या पक्षाकडे तर अजिबात जात नाही. अशा मतदारासाठी यंत्रावर २०१३ पासून नोटा, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आहे.

लोकसभा-विधानसभेला हा माल निम्मा पोकळ. नोटाला कितीही मतं पडोत, उमेदवारांत जो पुढे तोच आमदार किंवा खासदार. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २०२४ ला इंदूरमध्ये त्याला २,१८,६७४ मतं पडली. निकालावर ओरखडाही नाही. उमेदवाराचं डिपॉझिट वाचवायला लागणाऱ्या एक षष्ठांश मतांच्या हिशेबातही ही मतं धरत नाहीत. आपल्या उमेदवाराचं एक मत घटतं, बस. तेच समोरच्याला दिलं तर फरक दोनाचा पडतो. निवडणूक बिनविरोध झाली की बटणच मिळत नाही; २०२४ ला सुरतेत लोकसभेचं मतदान झालंच नाही.

खरा उपयोग महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागात. अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येकीच्या यादीखाली वेगळा नोटा. म्हणजे तीन मतं पक्षाला देऊन फक्त नको त्या जागेवर नोटा दाबता येतो. चूक होते ती इथेच: लोक तीन बटणं दाबून चौथी जागा मोकळी सोडतात. चारही झाल्याशिवाय लांब बीप वाजत नाही, कर्मचारी परत बोलावतात, आणि कोपऱ्यातल्या एजंटाला जे कळायचं ते कळतं. शिवाय राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशानुसार स्थानिक निवडणुकीत नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक होते. इथे बटणाला दात आहेत.

घरी बसण्यापेक्षा मात्र नोटा केव्हाही बरा. घरी बसलेला नाराज होता की झोपला होता, हे कोणाला कळणार? विधानसभेनंतरच्या फॉर्म २० मध्ये, म्हणजे निकालाच्या अधिकृत तक्त्यात, केंद्रनिहाय नोटाचा रकाना असतो. हक्काच्या केंद्रावर तो फुगला तर पक्ष कार्यालयात त्याची दखल घेतात, बाहेर काहीही म्हणोत. सही करून ‘मत देत नाही’ म्हणण्याची, निवडणूक नियमांतल्या ४९-ओची सोयही आहे, पण त्यात गुप्तता राहत नाही.

विधानसभेला दोन तारे, प्रभागात साडेतीन. बटण यादीच्या अगदी तळाशी असतं. एका बॅलट युनिटवर १६ च बटणं, त्यामुळे उमेदवार १५ हून जास्त असले तर नोटा शेवटच्या युनिटवर शोधा.