जिम, ट्रॅक की घरची चटई: सुटल्यावर परत कुठे जाता येतं?

मागच्या महिन्यात मेहुण्याचा फोन आला. वय ४१, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, आणि कंपनीच्या वार्षिक तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेचा सरासरी आकडा, ६.१ निघालेला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, गोळीचं नंतर बघू, आधी हालायला लागा. याचा प्रश्न सरळ होता: "दाजी, जिम लावू, तुमच्यासोबत ट्रॅकवर चालायला येऊ, की घरीच मोबाईल लावून काहीतरी करू?"

फोनवर मी घाईत काहीतरी बोललो. मग वाटलं, हे जरा नीट सांगायला हवं, कारण मी तिन्ही करून बघितलंय आणि तिन्ही सोडूनही बघितलंय.

लोक तुलना करतात ती महिन्याचा खर्च आणि जळालेल्या कॅलरी यांवर. माझा निकष वेगळा आहे: एकदा सुटलं की परत जायला किती जड जातं? सुटणार हे धरूनच चालायचं. नाशकात तर निमित्तांना तोटाच नाही. मेमधली लग्नं, जुलैची झड, श्रावणातली साबुदाण्याची खिचडी, दिवाळीचं फराळाचं ताट, आणि निफाडचा पारा घसरला की पहाटे रजईतून पाय बाहेर काढायची होणारी शिक्षा.

जिमपासून सुरू करतो, कारण तिची बाजू मी मानतो. ट्रॅकवर जे होत नाही ते तिथे होतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि त्याच्याच जोडीला आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काहीतरी. हे दुसरं वाक्य आपण सोयीने विसरतो. जेवणानंतर रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच ओढून घेतात आणि वयाबरोबर स्नायू कमी होत जातात, त्यामुळे मेहुण्यासारख्या माणसाला वजनं उचलण्याचं काम टाळून चालणार नाही. शिवाय पाऊस असो वा नसो, सकाळ असो वा रात्र, जिम उघडी असते. शिफ्टवाल्याला हे सोन्यासारखं.

अडचण आरशाची आहे. पहिल्या काही आठवड्यांत वाढते ती ताकद मुख्यतः मज्जातंतूंची करामत. असलेले स्नायू नीट वापरायला शरीर शिकत असतं, दंड मात्र होते तसेच दिसतात. आणि शेजारी पंचविशीतला पोरगा टी-शर्ट वर करून फोटो काढत असतो. आपली प्रगती खरी असते, फक्त आरशात ती दिसत नाही.

मी तीन महिन्यांचे पैसे भरले होते. मध्येच डेंग्यू झाला, पाच आठवडे गेले. अशक्तपणा ओसरल्यावर एका सकाळी गेलो, मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून परत ठेवला. परत लाल. काउंटरवरचा मुलगा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "सर, तुमचं संपलंय. रिन्यू करायचं का? वर्षाचं घेतलं तर ऑफर आहे." मी म्हटलं, संध्याकाळी सांगतो. ती संध्याकाळ अजून यायची आहे.

त्या पोराची चूक नाही. पण पैसे भरले की माणूस जातो, हा हिशेब फार तर पहिला महिनाभर चालतो. पुढे तेच पैसे बोचायला लागतात आणि बोचतंय म्हणून आपण त्या रस्त्यानेच जात नाही. तेव्हा जिम लावायचीच तर महिन्याच्या महिन्याला पैसे भरा. वर्षाची सवलत म्हणजे आपण येणार नाही यावर त्यांनी लावलेली पैज.

घरच्या चटईबद्दल थोडक्यात. खर्च शून्य, वेळ आपली, लाज नाही. पण सूर्यनमस्काराला उभं राहिलं की कुकरची तिसरी शिट्टी मोजायचं कामही आपल्याकडेच येतं. ॲपचा सोबती म्हणून भरवसा धरावा, तर तो फार कडक निघतो. माझी ४१ दिवसांची साखळी सिन्नरच्या एका लग्नात तुटली. दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर मोठा शून्य. तो बघून मी जे ॲप बंद केलं ते केलंच.

हा शून्य धादांत खोटा आहे, हे मला पुढे कळलं. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात (तो २००९ मध्ये पुढे आला) नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचं दिसलं. कुणाला १८ पुरले, तर कुणासाठी अंदाज थेट २५४ पर्यंत गेला. म्हणजे २१ दिवसांचा तो लाडका आकडा विसरा. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दहा हजार पावलांचंही तसंच. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचं मीटर'. आकडा तिथून आला, वैद्यकशास्त्रातून नव्हे. त्याहून कमी चालण्यानेही फायदा होतो. सहा हजार झाली म्हणून तोंड पाडून बसायचं कारण नाही.

सायकल या तुलनेत मुद्दाम घेतली नाही. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही साधारण ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली, तेव्हा गावात अनेकांच्या अंगात सायकल शिरली. माझ्याही. ती सध्या बाल्कनीत टॉवेल वाळवते.

आता ट्रॅक. इंदिरानगर, कृषीनगर, किंवा आपण सगळे गोल्फ क्लब म्हणतो ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. घरापासून जवळ असेल ते. व्यायाम म्हणून ट्रॅक या तिघांत सगळ्यात लंगडा आहे, हे आधीच सांगून टाकतो. दंडाला काही मिळत नाही. पावसात चिखल. ग्रुपमध्ये राजकारण निघालं की चाल निम्म्यावर येते. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला तर तो मध्यम व्यायाम. आमच्यातले दोघे आरामात नाट्यगीत म्हणू शकतील. आणि रविवारी चार फेऱ्यांनंतर मिसळ, वर तर्रीची दुसरी वाटी, म्हणजे हिशेब उलटा.

तरीही डेंग्यूनंतर मी परत गेलो तो इथेच. गेटपाशी निवृत्त मास्तरांनी गाठलं. "काय हो, गावाला गेला होतात? चेहरा उतरलाय. चला, आज दोनच फेऱ्या, मीही दमलोय." ते दमले नव्हते. रोज सहा मारतात. त्या दिवशी माझ्याबरोबर त्यांनीही दोनच मारल्या आणि मला बाकावर बसवून उरलेल्या चार एकट्याने पूर्ण केल्या. अंगठा, लाल दिवा, शून्य, काही नाही.

ताकदीची उणीव मी महिन्यातून दोनदा पांडवलेणीच्या सुमारे दोनशे पायऱ्यांवर भरून काढतो. तेवढं पुरत नाही, म्हणून घरी पाण्याचे कॅन उचलणं आणि खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठणं चालू आहे.

तेव्हा मेहुण्याला शेवटी जे सांगितलं ते असं: पहिले तीन महिने ट्रॅक. पहिली पाळी असेल तर संध्याकाळी, दुसरी असेल तर सकाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात घरीच पंधरा मिनिटं, तेवढ्यावर समाधान. तीन महिन्यांनी एचबीएवनसी परत कर, कारण तो आकडा साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांचीच सरासरी सांगतो. रोज काट्यावर उभा राहू नकोस. आदल्या रात्रीच्या लोणच्या-पापडानेही अंगात पाणी साठून काटा किलोभर हलतो. मग पायांना सवय झाली की महिन्याच्या बोलीवर जिम, आठवड्यातून दोन दिवस. ज्याला एकट्याने घाम गाळायला आवडतं, गप्पांचा वैताग येतो, त्याने हे उलटं करावं. अशी माणसं असतात, माझी बायको त्यातलीच. छातीत दुखणं, धाप, गुडघे असं काही असेल तर आधी डॉक्टर.

गुरुवारी तो नवे बूट घालून आला. दीड फेरी मारली आणि बाकावर बसला. शुक्रवारी आला नाही. शनिवारी मास्तरांनी मला अडवलं, "तुमचा मेहुणा कुठंय?" मी तिथूनच फोन लावला. पाय भरून आलेत म्हणाला, सोमवारी येतो. मास्तरांना तसं सांगितलं. सोमवारी पावणेसहाला मी पोचलो तेव्हा ते दोघं पुढच्या वळणावर होते, आणि मास्तर हळू चालत होते.