ड्रिल प्रेसचं प्लायचं टेबल आणि सरकता फेन्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी माझ्या बेंच ड्रिलवर, म्हणजे बाकावर बसवलेल्या ड्रिल प्रेसवर (उभं भोक पाडायचं यंत्र), प्लायचं टेबल आणि त्यावर सरकता फेन्स, म्हणजे फळीची कड टेकवायची पट्टी, बसवला. तेव्हापासून दोन कपाटं, पुस्तकांची एक मांडणी आणि लहानसहान कितीतरी तुकडे त्यावरून गेले. आता त्याबद्दल खात्रीने लिहिता येईल.

ड्रिल प्रेसचं मूळ बिडाचं टेबल लोखंडकामाच्या सोयीचं असतं. लहान, मधे आरपार खाचा, आणि फळी टेकवायला काहीच नाही. मी 18 मिमी प्लायचे दोन थर चिकटवले आणि त्याच खाचांतून बोल्ट घालून आवळले. बिटाखाली, म्हणजे भोक पाडणाऱ्या टोकाखाली, एमडीएफचा (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी) सुटा चौकोन बसतो. त्याची चाळण झाली की फिरवायचा, चारही बाजू संपल्या की बदलायचा. यात आळस केला की आरपार भोकाच्या खालच्या तोंडाला लगेच कुसळं निघतात.

पहिले काही दिवस मी प्रत्येक वेळी गुण्या लावून फेन्स टेबलाच्या कडेला समांतर करत बसायचो. त्याची गरजच नाही. टेबल सॉवर (टेबलातून वर आलेली गोल करवत) समांतर असावाच लागतो, कारण तिथे पातं लांब असतं. इथे भोक एकाच बिंदूवर पडतं, म्हणून बिटाच्या मध्यापासून फेन्सपर्यंतचं अंतर बरोबर आलं की झालं. हे लक्षात आल्यावर मी डावं टोक बोल्टवर फिरतं ठेवलं आणि फक्त उजवं टोक हलवू लागलो. बिट दोन्ही टोकांच्या मधोमध असेल तर उजवं टोक 1 मिमी सरकवल्यावर अंतर अर्धा मिमीच बदलतं. बारीक जुळवणी इतकी सोपी होईल असं वाटलं नव्हतं.

खरा त्रास भुशाने दिला. कपाटाच्या दारांना बिजागरीची 35 मिमीची भोकं पाडत होतो. कडेपासून 5 मिमी सोडायचे, म्हणून मध्य 22.5 मिमीवर. पहिली दोन अचूक आली, तिसरं कडेच्या चांगलं एक मिमी जवळ सरकलं. फेन्स जागचा हललेला नव्हता. दार उचलून पाहिलं तर फेन्स आणि टेबलाच्या कोपऱ्यात चुऱ्याची घट्ट वात बसली होती आणि दाराची कड फेन्सला टेकतच नव्हती. त्याच दिवशी फेन्सच्या खालच्या कडेला रंध्याने 3 मिमीची तिरपी कड मारली, फळीचं टोक अडवणाऱ्या ठोकळ्याला, म्हणजे स्टॉपरलाही मारली. आता चुरा त्या फटीत जातो. तरी प्रत्येक भोकानंतर ब्रश फिरवतोच.

लहान तुकड्यात मोठं भोक पाडणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर सांभाळावी. बिट वरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं, त्यामुळे ते लाकडात अडकलं तर तुकड्याची डावी बाजू फेन्सवर दाबली जाते आणि उजवी आपल्या अंगावर येते. म्हणून लांब भाग डावीकडे ठेवावा. तुकडा आखूड असेल तर हाताने धरूच नये, क्लॅम्प लावावा. फेन्स आहे म्हणजे तुकडा धरलेला आहे, असं नसतं.

पहिला फेन्स सागाच्या एकाच पट्टीचा होता. पावसाळ्यात तो मधे आत वाकला. लांब फळी दोन टोकांवर टेकायची आणि आखूड तुकडा मधल्या खळग्यात शिरायचा, म्हणून एकाच मापाला दोन उत्तरं यायची. आता प्लायच्या दोन पट्ट्या चिकटवून केलेला फेन्स आहे, तो सरळ राहिला आहे. मधला भाग कापून बुटका केलाय, नाहीतर आखूड बिट लावलं की चक (बिट धरणारा जबडा) फेन्सवर आपटतो.

तक्रार एकच. टेबल वर-खाली करायचं हँडल प्लायखाली दडतं आणि फिरवताना बोटं घासतात. पुन्हा केलं तर प्लाय त्या बाजूने अरुंद ठेवीन.

मोठ्या कामाआधी चकात वाकवलेली तार धरून ती हाताने गोल फिरवतो आणि टेबलाला सगळीकडे सारखी टेकते का बघतो. दोन थर प्लायच्या वजनाने टेबल पुढच्या बाजूला किंचित झुकतं. गेल्या वेळी तिथे कागद सरकेल एवढी फट निघाली, ती प्लायखाली कागदाची पट्टी घालून भरली.