कर्करोगानंतरचा नृत्यवर्ग : कोथरूडमधील अनुभव

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पूर्ण झाल्यावर डॉक्टरांच्या संमतीने मी कोथरूडमधील एका नृत्यवर्गाला जाऊ लागले, आणि उपचारांतून बाहेर पडलेल्या मैत्रिणींना तो मी मनापासून सुचवेन. प्रवेश देतानाच शिक्षिकाबाईंनी काखेतील लसिकाग्रंथी (लिम्फ नोड, म्हणजे शरीरातील द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी) काढल्या आहेत का, हाताला सूज येते का, केमोमुळे तळपाय बधिर झाले आहेत का, याची बारकाईने विचारपूस केली. पाय बधिर असले की तोल जातो, म्हणून गिरकी घेताना शेजारी खुर्ची ठेवलेली असते. हात सुरुवातीला खांद्यापर्यंतच उचलायचा आणि ओढ जाणवताच थांबायचे, हा इथला नियम आहे. फुगडीची पावले आणि टाळ्या सुरू झाल्या, की घरी टाळलेला खांद्याचा व्यायाम आपसूक होऊन जातो.

कर्करोगोत्तर थकव्यासाठी आठवड्यातून 3 वेळा, प्रत्येकी 30 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम उपयोगी ठरतो, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या 2019 मधील शिफारशी सांगतात. हा वर्ग मात्र आठवड्यातून दोनदाच भरतो. शुल्क वाजवी आहे. फरशी गुळगुळीत आहे, ही मोठी उणीव असून तिथे रबरी चटई हवीच. आजार हाडांत पसरलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव नोंदवू नये.