सुआमे मॅगझिन, कुमासी: हात पक्का, मोजमाप कच्चं

घानात जुनी गाडी वापरणाऱ्याला कधी ना कधी कुमासीच्या सुआमे मॅगझिनची वाट धरावीच लागते. नाव ऐकून छापखाना आठवतो, पण हे मॅगझिन म्हणजे दारूगोळ्याचं कोठार. गॅरेजवाले पूर्वी शहरातल्या जुन्या कोठाराच्या आसपास होते. तिथून सुआमेला हलले तेव्हा नावही बरोबर घेऊन आले. आज तिथे गॅरेजं, लेथ, ओतकामाच्या भट्ट्या, भंगार आणि स्पेअरची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. काम करणाऱ्यांचा आकडा दोन लाखांपर्यंत सांगतात. तेव्हा हा रिव्ह्यू कुठल्या एका गॅरेजचा नाही, तिथल्या कामाच्या रीतीचा आहे.

आधी निकाल. लोखंडाचं काम उत्तम. इंजिनचं काम चांगलं, पण उभं राहून करून घेतलं तर. वायरिंग आणि एसी मात्र ओळखीतल्या माणसाशिवाय देऊ नका.

गाडी एकाच्या हवाली करून संध्याकाळी चावी घ्यायची, असं इथे होत नाही. मेकॅनिकला घानात फिटर म्हणतात. त्याखेरीज गिअरबॉक्सवाला वेगळा, डिझेल पंपवाला वेगळा, वायरमन वेगळा, पत्रा ठोकणारा वेगळा, रंगवाला म्हणजे स्प्रेयर वेगळा आणि पंक्चरवाला, ज्याला तिथे व्हल्कनायझर म्हणतात, तोही वेगळा. तुमचा करार होतो तो 'मास्टर'शी. तो तुमची गाडी या सगळ्यांच्या हातून फिरवतो. याचा फायदा असा की दिवसभर फक्त गिअरबॉक्सच उघडणाऱ्याचा हात त्यात विलक्षण बसलेला असतो. तोटा असा की दोन कारागिरांच्या मधल्या जागेत झालेल्या चुकीला कुणीच वाली नसतो. फिटर म्हणतो वायर त्याने तोडली, वायरमन म्हणतो इंजिन उतरवताना तुटली.

लेथचं काम इतकं चांगलं का, याला कारण आहे. कुमासीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाने १९७२ मध्ये तंत्रज्ञान सल्ला केंद्र काढलं आणि त्या केंद्राने १९८० मध्ये सुआमेतच एक कार्यशाळा उघडली. लेथ, मिलिंग, ओतकाम हे सगळं तिथे कारागिरांना हाताळायला मिळालं. पुढे १९८७ मध्ये ग्रातिस नावाच्या प्रकल्पातून हाच नमुना इतर प्रांतांत गेला. दुसरं कारण कामातच आहे. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनचा दांडा, घासायचा तर त्याची बेअरिंग बाजारात ०.२५ मिमी आणि ०.५० मिमी अशा ठरलेल्या मापातच मिळते. क्रँक त्या मापात बसला नाही तर बेअरिंगच बसत नाही आणि गिऱ्हाईक तिथल्या तिथे परत येतं. म्हणून लेथवाल्याकडे मायक्रोमीटर असतो. फिटरची चूक चार महिन्यांनी उघडी पडते आणि तोवर तिचा दोष जुन्या स्पेअरवर ढकलता येतो. त्याच्याकडे टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना, नसतो तो यामुळे.

हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधल्या पातळ पट्टीचं, काम जवळून पाहिलं की हे नीट कळतं. टोयोटा कोरोलाचं २००३ ते २००८ चं मॉडेल तिथे रस्तोरस्ती दिसतं. त्यातल्या १.८ लिटर वन-झेड-झेड इंजिनचं हेड फिटर आणि त्याचा पोऱ्या मिळून बघता बघता उतरवतात. बोल्ट टोमॅटोच्या रिकाम्या डब्यात जातात, हेड लेथवाल्याकडे फेसिंगला, म्हणजे खालची बाजू सपाट करायला, जातं. इथवर ठीक. परत बसवताना फिटर बोल्ट मधून बाहेर या क्रमानेच आवळतो, म्हणजे क्रम त्याला ठाऊक आहे. पण शेवटचा ताण द्यायला पान्याच्या दांड्यात पाइप घालतो आणि 'आला' म्हणून थांबतो. या हेडचे दहा बोल्ट आधी ४९ न्यूटन-मीटरला आणि मग आणखी ९० अंश फिरवून आवळायचे असतात. हाताच्या अंदाजाने एखादा कमी पडतो, एखादा जास्त ताणला जातो. अ‍ॅल्युमिनिअमच्या ब्लॉकमधले आटे एकदा गेले की गॅस्केटच्या कामाचं हेलिकॉइलचं, म्हणजे भोकात तारेचे नवे आटे बसवायचं, काम होतं.

यावर उपाय सोपा आहे. ४० ते २०० न्यूटन-मीटरचा टॉर्क पाना स्वतःचा न्या. '४९ + ९०' हे मास्किंग टेपवर मार्करने लिहून टेप फेंडरवर चिकटवा. पहिला टप्पा झाला की प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर पुढच्या बाजूला रंगाचा ठिपका द्यायला सांगा. पाव फेरा झाला की दहाही ठिपके एकाच बाजूला यायला हवेत. जुने बोल्ट नव्याशेजारी उभे करून लांबी बघा. मान बारीक झालेला एकही परत वापरू देऊ नका. फिटरला याचा राग येत नाही, उलट पोऱ्या वाकून ठिपके मोजतो. आकडा समोर असला की हेच हात तो तंतोतंत पाळतात, असाच अनुभव येतो. अडचण एवढीच की आकडा गिऱ्हाइकाने न्यावा लागतो. एकाच अंगणात जपानी, कोरियन, जर्मन आणि अमेरिकेतून आलेल्या गाड्या असतात. प्रत्येकीचं मॅन्युअल कुठल्या फिटरने ठेवायचं?

हेड परत बसताना थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणाऱ्या झडपेवर, डोळा ठेवा. 'इकडे गरम हवा, याची गरज नाही' असं म्हणून तो काढून टाकण्याची सवय जुनी आहे. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांवर उघडायला लागतो. तो नसला की मोकळ्या रस्त्यावर इंजिन नीट तापतच नाही, गाडीतला कॉम्प्युटर त्याला थंड समजून जास्त पेट्रोल पाजतो आणि काही दिवसांनी इंजिनचा दिवा आणि पी०१२८ हा बिघाडाचा कोड लागतो. मग कोड वाचायचं यंत्र घेऊन स्कॅनरवाला येतो, कोड पुसतो, पैसे घेतो. आठवड्याने दिवा पुन्हा लागतो. संशय असेल तर थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात टाकून थर्मामीटर लावून उकळा. उघडला तर चांगला आहे, परत बसवा. पंखा थेट इग्निशनला जोडणं आणि कूलंटऐवजी नळाचं पाणी भरणं ही याचीच भावंडं. नळाच्या पाण्याने पंपाची पाती आणि हेडमधल्या वाटा गंजतात आणि दोनेक वर्षांत तुम्ही पुन्हा त्याच गॅस्केटवर येता.

स्कॅनरचं तर काय सांगावं. यंत्र बहुतेकांकडे आहे, बिघाडाचं निदान मात्र थोड्यांनाच जमतं. कोड पुसण्याआधी तो कागदावर लिहून द्यायला सांगा. लिहून देत नसेल तर पुढे चला. पी०१७१, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, हा कोड दिसला की थेट सेन्सर बदलायला निघणाऱ्यापेक्षा, आधी इनटेकच्या रबरी नळीची चीर शोधणारा माणूस धरा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर तेलाचा डबा स्वतः विकत घ्या. सीव्हीटीत, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये, साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं तेल) घातलं की आतला पट्टा घसरतो आणि गिअरबॉक्स हळूहळू मरतो. एसीत गॅस 'पुरेसा थंड लागेपर्यंत' भरतात. लहान गाडीला अर्धा किलोच्या आसपास आर१३४ए लागतो, तोही वजनकाट्यावर आणि त्याआधी किमान अर्धा तास व्हॅक्यूम काढून. व्हॅक्यूम पंप समोर दिसत नसेल तर खिडक्या उघड्या ठेवून फिरलेलं परवडतं.

एक काम करून घेऊच नका, आणि झालेली गाडी घेताना शंभरदा विचार करा: स्टीअरिंगची बाजू बदलणं. घानात १९७४ पासून रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहतूक चालते आणि उजव्या स्टीअरिंगच्या गाडीला नोंदणी नाही. म्हणून स्वस्तातली जपानी टोयोटा व्हिट्झ आली की डॅशबोर्ड, पेडल आणि स्टीअरिंगचा रॅक उचलून डावीकडे बसवतात. कारागिरी पाहून थक्क व्हायला होतं, खोटं कशाला बोला. पण फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधला पत्रा, कापून वेल्डिंग झालेलं असतं, वायरिंगचे वाढवलेले सांधे पीळ मारून टेपने गुंडाळलेले असतात आणि एअरबॅगचा पत्ता नसतो. ओळखायची खूण सोपी आहे. वायपर चालू करा. पाती अजून उजव्या ड्रायव्हरची काच पुसत असतील आणि डावीकडचा वरचा कोपरा कोरडा राहत असेल, तर गाडी बदललेली आहे.

रिक्षाचीही कामं इथे होतात. कुमासीत तिला 'प्राग्या' म्हणतात. बारामतीत तीनचाकी बनवणाऱ्या पियाजिओ कंपनीचं नाव त्यात कुणाला ऐकू आलं तर नवल नाही.

पैशांचं आधी ठरवा. मजुरीला तिथे 'वर्कमनशिप' म्हणतात आणि ती स्पेअरपासून वेगळी धरतात. उक्तं ठरवलंत तर स्पेअर कुठला बसला ते तुम्हाला कधीच कळणार नाही. वेगळी मजुरी ठरवा, स्पेअरच्या दुकानात पोऱ्यासोबत स्वतः जा. युरोपातून आलेल्या वापरलेल्या मालाला 'होम यूज्ड' म्हणतात. पुष्कळदा तो नव्या नकली मालापेक्षा सरस निघतो, पण घेताना तपासा. वापरलेलं इंजिन असेल तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा आणि ऑइलच्या झाकणाखाली काळा चिखल आहे का बघा. टायरवर 'डॉट' (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. विजेचा स्पेअर दुकानातच लावून दाखवायला सांगा, परत घेणं सहसा नाही. भाव पाडताना 'ते सो काक्रा', म्हणजे थोडं कमी करा, एवढी तिथली ट्वी भाषा पुरते. त्याआधी 'माआचे' म्हणून सकाळचा नमस्कार करा आणि पैसे उजव्या हाताने द्या. डावा हात पुढे केला की भाव नाही, वातावरण बिघडतं. रविवारी शुकशुकाट असतो. शनिवारी मास्टर काळे-तांबडे कपडे घालून कुणाच्या अंत्यविधीला गेलेला असू शकतो आणि गाडी पोऱ्यांच्या हाती राहते. म्हणून हेडसारखं काम मंगळवार-बुधवारी उघडा.

पोऱ्या म्हणजे उमेदवार. तीन-चार वर्षं मास्टरकडे राहतो, सुरुवातीला घरचे पैसे भरतात, मास्टर रोज जेवणापुरते म्हणजे 'चॉप मनी' देतो. शिकणं सगळं बघून. पोऱ्याने काय बघितलं ते त्या वर्षांत कुठल्या गाड्या आल्या यावर ठरतं. यावर सरकारी इलाज आहे: तांत्रिक शिक्षण आयोगाची आठ पातळ्यांची चौकट, जिची पहिली पायरी 'नॅशनल प्रोफिशिअन्सी वन' अशाच अनौपचारिक उमेदवारांसाठी ठेवली आहे. मग प्रोफिशिअन्सी टू, सर्टिफिकेट वन, टू, आणि वर थेट डॉक्टरेटपर्यंत. कल्पना चांगली आहे. पण गिऱ्हाईक भिंतीवरचा कागद विचारत नाही, म्हणून मास्टरला पोऱ्याचा दिवस बुडवून त्याला परीक्षेला पाठवण्यात फायदा दिसत नाही. तुम्ही विचारा. दोन गॅरेजांत निवड करायची असेल आणि एकाकडे प्रोफिशिअन्सी टू झालेला माणूस असेल, तर शंभर-दोनशे सेडी (घानाचं चलन) जास्त द्यायला हरकत नाही. तो बहुधा कोड कागदावर लिहून देतो.

सुरक्षेचं बोलू नये इतकं वाईट आहे. चपला घालून, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली माणसं झोपतात. स्टँड लावल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका आणि वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा, नाहीतर कॉम्प्युटर जळतो.

गाडी ताब्यात घेताना जुने स्पेअर डिकीत मागून घ्या. सायलेन्सरच्या नळीतला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे का ते खाली वाकून बघा. आत प्लॅटिनम-पॅलेडियम असतं आणि भंगारात त्याला भाव आहे. इंजिनात ऑइल ठरल्या मापाचंच हवं. जास्त ओतलेलं असेल तर डिपस्टिकवर लगेच दिसतं. कोरोला असेल तर चाकांचे नट १०३ न्यूटन-मीटरला स्वतः आवळा. मग फिटरला शेजारी बसवून ऑफिन्सोच्या रस्त्याला वीसेक किलोमीटर मारून या, बॉनेट उघडून हेडच्या कडेने बोट फिरवा. बोट कोरडं निघालं की उरलेली मजुरी मोमोने, म्हणजे मोबाइल मनीने, पाठवा.