बकऱ्यांसाठी ५० किलोचा लटकता डिजिटल काटा: घ्यावा का, आणि वजन कितपत मानावं

प्रवासाच्या बॅगा तोलायला निघालेला, मुठीत मावणारा लटकता काटा आता तालुक्याच्या हार्डवेअर दुकानातही मिळतो आणि ऑनलाइनही. वर पट्टा किंवा कडी, खाली हूक, मधे छोटा पडदा. दहा-वीस बकऱ्यांच्या घरी तो घ्यावा का? पिल्लं, पाटी (अजून न व्यायलेल्या तरुण बकऱ्या) आणि ३०-३५ किलोपर्यंतची जनावरं तोलायची असतील तर जरूर घ्यावा. मोठ्या बोकडांना आणि गाभण बकऱ्यांना तो चालत नाही. आणि बकरी अंगानं बरी आहे की खंगली, हे एकट्या काट्यावरून ठरवू नये. त्यासाठी पाठीवर हात फिरवावाच लागतो.

नजरेचा अंदाज बकरीत फार फसतो. बाहेरून ती गोल दिसते ती पोटामुळे. दिवसभर तुरीच्या धसकटात आणि धुऱ्यावर चरून आलेली बकरी सकाळच्यापेक्षा दोन-तीन किलो जास्त भरते, आणि जंतांनी पोखरलेल्या पिल्लाचं पोट तर सगळ्यात आधी सुटतं. जंताचं औषध किलोच्या हिशोबानं द्यायचं असतं. ३० किलोची बकरी २२ किलोची धरून डोस दिला तर औषध कमी पडतं, जंत पुरते मरत नाहीत, आणि उरलेले त्या औषधाला दाद देईनासे होतात. काट्याचे पैसे खरे वसूल होतात ते इथेच.

काटा घरी आला की आधी तपासून घ्या. पाच लिटरच्या रिकाम्या कॅनचं वजन करा, मग त्यात मापून पाच लिटर पाणी भरा. फरक पाच किलो यायला हवा. वरच्या टोकाला युरियाची न फोडलेली गोणी लावा. तिच्यावर निव्वळ वजन ४५ किलो छापलेलं असतं, पोत्याचे शे-दीडशे ग्रॅम वर धरा. खालीवर दोन्हीकडे पाव किलोच्या आत जुळलं तर काटा बकऱ्यांना पुरेसा आहे. खाली बरोबर आणि वर किलोभर चुकत असेल तर परत करा, तो पुढे सुधरत नाही.

एकक बदलायच्या बटणावर लक्ष ठेवा. चुकून दाबलं गेलं की किलोऐवजी पाउंड येतात, म्हणजे १२ किलोचं पिल्लू २६ दाखवतं. काही चिनी काट्यांत ‘जिन’ नावाचं अर्ध्या किलोचं माप असतं, त्यात तेच पिल्लू २४ भरतं. दर वेळी पडद्याच्या कोपऱ्यात ‘केजी’ पाहूनच वजन लिहा.

काट्यासोबत झोळी मिळत नाही, आणि सगळी गंमत झोळीतच आहे. युरियाचं प्लास्टिक पोतं वापरू नका. ते निसरडं असतं आणि खुरानं टरकतं. तागाचा बारदाना उसवून सपाट करा. मोठ्या बकरीसाठी साधारण दीड फूट रुंद पट्टा ठेवा, म्हणजे तो पुढच्या पायांच्या मागून कासेच्या पुढेपर्यंत बसतो. दोन्ही टोकांना दोन-दोन फुटांच्या बांबूच्या काठ्या ठेवून त्यांवर कापड दुमडून सुतळीनं शिवा, काठ्यांच्या टोकांना दोर बांधून चारही दोर वर एका कडीत आणा. पट्ट्याऐवजी अख्खा बारदाना घेऊन त्याला पायांसाठी चार भोकं पाडली तर बकरी घसरत नाही. पण भोकांच्या कडा दुमडून शिवल्या पाहिजेत, नाहीतर दुसऱ्याच वेळेला फाटतं. महिन्याच्या आतल्या पिल्लाला एवढा खटाटोप नको, कापडी पिशवीत बसवून तोंड बाहेर ठेवलं की झालं.

काटा हातात धरून तोलू नये. हात थरथरतो, पडद्यावरचा आकडा स्थिर होत नाही, आणि २५ किलोची बकरी हातानं कुणी किती वेळ धरणार? कोठ्याच्या आडव्या लाकडाला किंवा निंबाच्या जाड फांदीला कप्पी लावा, दोराच्या टोकाला काटा, काट्याला झोळी. एकानं दोर ओढावा, दुसऱ्यानं बकरीची मान धरून डोळ्यांवर हात ठेवावा. खुरं जमिनीपासून चार बोटं सुटली की पुरे. मात्र मान धरणाऱ्यानं नकळत वर उचललं किंवा बकरी भिंतीला टेकली तर वजन कमी येतं. वाचायच्या क्षणी हात सैल सोडायचा.

झोळी अडकवून शून्य करायचं बटण असतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. बहुतेक काटे एक-दोन मिनिटांत आपोआप बंद होतात आणि केलेलं शून्य पुसलं जातं. बकरी झोळीत घालेपर्यंत तेवढा वेळ सहज जातो. झोळीचं वजन एकदाच करून तिच्यावरच लिहून ठेवा आणि दर वेळी वजा करा. पावसाळ्यात भिजलेला बारदाना अर्धा-एक किलोनं जड होतो, तेव्हा मात्र नव्यानं तोला.

वजन स्थिर झालं की पडदा तिथेच थांबतो, याला ‘होल्ड’ म्हणतात. युरियाच्या गोणीला हे छान आहे. बकरीला तितकंसं नाही, कारण लाथ मारून क्षणभर शांत झाली की काटा भलतंच वजन पकडतो. तीनदा तोलून मधलं वजन धरा.

वेळ नेहमी एकच ठेवा: सकाळी, चारा-पाणी द्यायच्या आधी. एप्रिल-मे महिन्यात तर उन्हं चढायच्या आत उरकाच. त्या उन्हात जनावर हाफतं, आणि तापलेला पडदा काळा पडून आकडे दिसेनासे होतात.

आता मुख्य गोष्ट, आलेल्या वजनाचा अर्थ. विदर्भातल्या बेरारी जातीची मोठी बकरी साधारण ३० किलोच्या आसपास असते. म्हणून २६ भरली की ती खंगली असं नाही, आणि ३४ भरली की धष्टपुष्ट असंही नाही. हाडाचा सांगाडा लहान-मोठा असतो. शेवटच्या फासळीच्या मागे, कमरेच्या आधी, अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला ठेवून दाबून पाहा. कण्याचे मणके करवतीच्या दातांसारखे टोचत असतील आणि बाजूच्या हाडांच्या खाली बोटं सहज शिरत असतील तर बकरी वाळली आहे, मग काटा काहीही सांगो. मणके दाबल्यावर लागतात पण टोक गोल वाटतं, बाजूची हाडं जोर दिल्याशिवाय वेगळी जाणवत नाहीत, ही चांगली तब्येत. तब्येत जोखायच्या पाच गुणांच्या मोजणीत (एक म्हणजे वाळलेली, पाच म्हणजे लठ्ठ) हिला अडीच ते तीन गुण मिळतात, आणि बोकड दाखवायच्या, म्हणजे गाभण करवायच्या वेळी बकरी याच टप्प्यात असावी. मणके बोटाला लागतच नसतील तर ती जास्त लठ्ठ आहे.

बकरी चरबी आधी पोटात साठवते, पाठीवर उशिरा. त्यामुळे फक्त पाठ चाचपून काम भागत नाही. पुढच्या दोन पायांच्या मधे छातीच्या हाडावरची गादीही बोटांनी धरून पाहायची. चामडी थेट हाडाला चिकटलेली असेल तर साठा संपलेला आहे. खालच्या पापणीच्या आतला रंगही त्याच वेळी बघा. तो पांढुरका असेल किंवा जबड्याखाली पाण्याची सूज असेल तर बहुधा जंतांनी रक्त ओढलं आहे. तिथे ढेप वाढवून भागणार नाही, पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

गाभण बकरीत काटा सरळ दिशाभूल करतो. पाच महिन्यांच्या गाभण काळात पिल्लाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. वजन वाढत जातं आणि तिची स्वतःची पाठ मात्र उतरत असते, जुळी असली तर जास्तच. शिवाय अशा बकरीला पोटावर पट्टा देऊन टांगणं धोक्याचं आहे. तिला हातानं तपासा, औषधाच्या डोसापुरतं वजन टेपनं काढा. अल्बेंडाझोल हे जंताचं औषध गाभण काळाच्या पहिल्या महिन्यात देऊ नये, हेही लक्षात असू द्या.

टेपचा हिशोब सोपा आहे. शिंप्याच्या टेपनं पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात घ्या, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलो आले. घेर २६ आणि लांबी २४ असेल तर साडेचोवीस किलो. मोठ्या बोकडासाठी हाच मार्ग, नाहीतर धान्याचा प्लॅटफॉर्म काटा.

काट्याचा खरा उपयोग पिल्लांच्या नोंदीत दिसतो. दर पंधरवड्याला वही भरा. दोन वजनांतला फरक भागिले दिवस, म्हणजे रोजची वाढ. ती ५० ग्रॅमच्या खाली अडकली तर आईचं दूध, जंत आणि हगवण या क्रमानं पाहा. मोठ्या जनावराचं वजन, व्यायलेली नसताना, महिन्यात दहावा हिस्सा उतरलं तर वाट पाहू नका, दवाखाना गाठा.

काट्याचे दोष सांगायचे तर हूक पातळ असतं, ५० लिहिलेलं असलं तरी उसळत्या ४० किलोला ते वाकू शकतं. पावसाळ्यात काट्यात ओल शिरते, म्हणून वापर नसेल तेव्हा सेल काढून डब्यात ठेवा. आणि एक गोष्ट विकताना लक्षात ठेवा: या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का नसतो. घरच्या नोंदीला तो चालतो, पण जिवंत वजनावर बोकड द्यायचा झाला तर शिक्का मारलेल्या काट्यावरच तोलून घ्या. घरचं वजन वहीत असलं की तिथे किती भरायला हवं, ते आधीच ठाऊक असतं.