पहिलं पुस्तक : थेट प्रकाशकाकडे की एजंटमार्फत?

कादंबरी कुठल्या भाषेत लिहिलीय, यावरच या प्रश्नाचं अर्धं उत्तर ठरतं.

मराठीत लिहिली असेल, तर एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशक गाठणारा मध्यस्थ, शोधण्यात एक दिवसही घालवू नका. मौज, पॉप्युलर, राजहंस यांच्यासारख्या संस्थांकडे लेखक थेट हस्तलिखित पाठवत आलेत. मध्ये एजंट का नाही, ते हिशेब मांडला की कळतं. पुस्तकाची किंमत 300 रुपये, रॉयल्टी 10 टक्के आणि हजाराची आवृत्ती पूर्ण खपली, असं धरू. लेखकाला 30,000 रुपये मिळतील. एजंटचा प्रचलित वाटा 15 टक्के, म्हणजे 4,500. तेवढ्यासाठी तीनशे पानं वाचून, सुधारणा सुचवून दहा प्रकाशकांचे उंबरे कोण झिजवणार? आपल्याकडे ओळख करून देण्याचं काम दिवाळी अंक करतात. चांगल्या अंकात दोन कथा आल्या की हस्तलिखितावरचं नाव संपादकाला अनोळखी राहत नाही. शिवाय पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे; ती जरूर बघा.

इंग्रजी कादंबरी लंडन-न्यूयॉर्कच्या बड्या प्रकाशकांकडे द्यायची असेल, तर मात्र एजंट हवाच. त्याच्याशिवाय आलेलं हस्तलिखित तिथे सहसा वाचलंच जात नाही. परदेशी हक्कांवर तो साधारण 20 टक्के घेतो. पण अनुवादाचे, चित्रपटाचे हक्क वेगवेगळे विकून तो ते कमावतोही. दिल्लीतल्या इंग्रजी प्रकाशकांपैकी काही जण थेट आलेलं लेखनही पाहतात, तेव्हा तिथे दोन्ही वाटा चालून बघाव्यात. फक्त वाचण्यासाठी आधी फी मागणाऱ्या एजंटला मात्र लगेच नकार द्या.

एजंट नसल्याचा मराठी लेखकाला खरा फटका बसतो तो करारात. पुस्तक निघतंय या आनंदात आपण न वाचता सही करतो, आणि मला याचंच फार वाईट वाटतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 सांगतं की हक्क लेखी करारानेच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. म्हणून 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं वाक्य दिसलं की थांबा. मुदत घालून घ्या. ई-बुक, ऑडिओ आणि अनुवाद यांची कलमं वेगळी मागा. मागितल्यावर प्रकाशक तुटतो ही भीती नको. एखाद्या वकिलाला कराराची चार पानं दाखवायला एक दुपार पुरते.